जेझुइटांनी चीनला यंत्रविद्या ‘दिली’ म्हणजे नेमकं काय केलं?

पाणचक्की

मंडळी, एका वादात अडकलोय. सोडवा.

परवा मेहुण्याने एक चित्रफीत पाठवली. तिच्यात चार मिनिटांत सगळा निकाल लावलाय. सोळाव्या शतकाच्या शेवटी जेझुइट पाद्री चीनमध्ये उतरले, त्यांनी बादशहाला घड्याळ नजर केलं, दरबार थक्क झाला आणि चीनला युरोपची यंत्रविद्या मिळाली. एवढ्यावर थांबत नाहीत. जगातली पहिली मोटारगाडीसुद्धा म्हणे एका पाद्र्यानेच पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, पळवली.

मी आपला उगाच शहाणपणा करायला गेलो. लिहिलं की बाबा रे, चिन्यांना घड्याळाचं काय कौतुक? सू सोंग नावाच्या चिनी अधिकाऱ्याने तेव्हाच्या राजधानीत, काइफंगमध्ये, १०९० च्या सुमारास पाण्यावर चालणारा घड्याळाचा अख्खा मनोरा उभा केला होता. त्यावर मेहुण्याचा एका ओळीचा जबाब: “मग पाचशे वर्षांनी घड्याळ बघून थक्क का झाले?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर माझा प्रश्न आता मेहुण्यापुरता राहिलेला नाही. घड्याळ भेट देणं ही झाली नजराण्याची गोष्ट. यंत्र *का* चालतं, कप्पीने वजन हलकं का लागतं, हे कुणी कुणाला बसून शिकवलं का? कुठल्या भाषेत? समोरच्या भाषेत त्या गोष्टींना शब्दच नसतील तर शिकवणार कसं? आणि पाद्री हे सगळं का करतील, ते तर धर्मप्रसाराला गेले होते ना?

कुणी खोलात गेलं असेल तर लिहा. मेहुण्याला हरवायचंय ते वेगळंच.

---

बोरूबहाद्दर

मेहुण्याला आधी मोटारगाडीवर धरा, तिथे तो नक्की सापडेल. फर्डिनंड व्हर्बिस्ट या फ्लेमिश जेझुइटाने १६७० च्या दशकात पेकिंगमध्ये वाफेवरची एक गाडी केली, हे खरं. पण ती होती दोन फूट लांब. निखाऱ्यांवर पाण्याचं भांडं, त्यातून वाफेची धार सुटणार, ती एका चाकाच्या पात्यांवर आदळणार आणि ते फिरणं दंतचक्रांमधून आसापर्यंत जाणार. माणूस बसायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे खेळणंच, पण फार डोकेबाज खेळणं.

आता घड्याळ. मातेओ रिची पेकिंगात शिरला जानेवारी १६०१ मध्ये. वानली बादशहासाठी त्याने दोन घड्याळं आणली होती: एक मोठं, वजनांवर चालणारं, आणि एक लहान, कमानीचं. चिन्यांनी त्यांना नाव दिलं ‘झमिंगजोंग’, म्हणजे आपली आपण वाजणारी घंटा. नजराण्यात चित्रं होती, वाद्य होतं, पण बादशहाने विचारलं ते घंटेचंच. मोठ्या घड्याळाची वजनं खाली उतरायला उंची लागते, तेवढी जागा राजवाड्यात मिळेना. मग त्याच्यासाठी खास लाकडी मनोरा बांधवून घेतला.

शिकवणीचा पहिला वर्गही इथलाच. घड्याळ सांभाळायला चार खोजे नेमले आणि रिचीला हुकूम झाला की यांना तीन दिवसांत तयार कर. त्या बिचाऱ्यांच्या जिवाला घोर. घड्याळ बंद पडलं तर मान कुणाची जाणार? त्यांनी प्रत्येक चाकाचं, प्रत्येक दांडीचं नाव आणि काम लिहून घेतलं. ती चिनी नावं रिचीला तिथल्या तिथे पाडावी लागली. तुमच्या ‘शब्दच नसतील तर’ या प्रश्नाचं उत्तर तिथून सुरू होतं.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजमातेने लहान घड्याळ बघायला मागवलं. आवडलं तर आईसाहेब ठेवूनच घेतील, या धास्तीने बादशहाने त्याची किल्ली उतरवून ठेवायला लावली. घड्याळ काही वाजलं नाही. राजमातेला त्यात काही गंमत वाटली नाही आणि तिने ते परत पाठवलं. हे रिचीनेच लिहून ठेवलंय. पुढे शांघायच्या घड्याळजींनी रिचीला आपला देव मानलं, ‘ली मादोऊ पूसा’ म्हणून. धर्म पसरवायला आलेला पाद्री आणि झाला घड्याळजींचा कुलदेव! असो.

‘थक्क का झाले’ याचं सोपं उत्तर: सू सोंगचा मनोरा ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी काइफंग घेतलं तेव्हा उखडून नेला. तो पुन्हा नीट जोडता आला नाही. विद्या एका यंत्रात असली आणि ते यंत्र गेलं की विद्याही जाते.

---

जुना_ड्राफ्ट्समन

बोरूबहाद्दर, किस्से झकास, पण घड्याळ हे या विषयाचं दार आहे, घर नव्हे. पाणचक्की यांनी जे विचारलंय, की यंत्र का चालतं हे कुणी बसून शिकवलं का, त्याला एक नेमकं उत्तर आहे. साल, ठिकाण आणि माणसांसकट.

मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर उभं राहून पोट भरलं. निवृत्तीनंतर जुन्या यंत्रांची चित्रं बघायचं व्यसन लागलं. सध्या संगणकावर दोन पुस्तकांची पानं शेजारी शेजारी उघडी असतात. एक आहे आगोस्तिनो रामेल्लीचं, पॅरिसला १५८८ मध्ये छापलेलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या १९५ चित्रांचं. दुसरं चिनी, १६२७ मध्ये लिहून झालेलं, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा: ‘अतिपश्चिमेकडच्या नवलाईच्या यंत्रांची चित्रं आणि खुलासे, त्यांतली निवडक’. या पुस्तकाबद्दलच सांगतो.

दोन माणसं. पहिला योहान श्रेक. जर्मन, धंद्याने वैद्य, वनस्पतींचा जाणकार, गणिती. रोममधल्या ज्या ‘लिंचेई’ विद्वन्मंडळात गॅलिलिओला घेतलं, तिथेच १६११ मध्ये गॅलिलिओच्या पाठोपाठ यालाही घेतलं. त्याच वर्षी हा गडी जेझुइट झाला. १६१८ मध्ये लिस्बनहून निकोला त्रिगो या जेझुइटाच्या तुकडीबरोबर जहाजात बसला आणि पुढच्या वर्षी मकावला उतरला. त्रिगोने युरोपभर हिंडून चीनसाठी पुस्तकं जमवली होती, सात हजार म्हणतात. चीनमध्ये श्रेकचं नाव देंग युहान.

ग्रहणाचं गणित नीट जमावं म्हणून त्याने चीनमधून गॅलिलिओकडे मदत मागितली. गॅलिलिओने उत्तर दिलं नाही. केप्लरने मात्र दिलं. (गॅलिलिओवर माझा यासाठी राग आहे, चारशे वर्षं झाली तरी.)

दुसरा वांग झेंग. शान्शी प्रांतातल्या जिंगयांगचा, जन्म १५७१. सरकारी परीक्षेची शेवटची पायरी, चिन्श, तो १६२२ मध्ये चढला. दहाव्या प्रयत्नात! पन्नाशी उलटली होती. मधल्या वर्षांत बाप्तिस्मा घेऊन फिलिप झाला होता. पण त्याचं खरं वेड यंत्रांचं. रहाट, जाती, आपोआप चालणाऱ्या गाड्या असलं काहीबाही तो आधीपासून करत असे. त्याचं स्वतःचं एक लहान पुस्तक आहे, त्यात वाऱ्यावरचं जातं आहे, नळीने पाणी ओढायची युक्ती आहे, दोरी गुंडाळून नांगर ओढायची युक्ती आहे आणि एक ‘झशिंगच’ आहे, म्हणजे आपली आपण चालणारी गाडी, वजनावर चालणारी. आज चिनी भाषेत सायकलला हाच शब्द आहे.

१६२६ चा हिवाळा. सावत्र आईचं सुतक संपवून नवी नेमणूक मिळवायला वांग पेकिंगला आला. नेमणूक होईपर्यंत हातात वेळच वेळ. अलेनी नावाच्या दुसऱ्या जेझुइटाच्या भूगोलाच्या पुस्तकात त्याने पश्चिमेकडच्या यंत्रांच्या चार ओळी वाचल्या होत्या आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. पेकिंगात लोंगोबार्दी, श्रेक आणि आडाम शाल भेटले. त्याने धोशा लावला. ते हसले आणि पुस्तकं काढून त्याच्यापुढे टाकली. वांगला चित्रं बघताच पुष्कळसं कळलं. मजकूर पाश्चात्त्य भाषांत, त्याचा अर्थ मात्र काही कळेना.

म्हणाला, भाषांतर करून द्या. श्रेकने काय सांगितलं असेल? भाषांतर कठीण नाही. पण हे मोजमापावर उभं आहे, आधी मापन, गणित, प्रमाण शीक. वांग ते शिकायला बसला, काही दिवसांत ढोबळ आकलन झालं, आणि मग श्रेक बोलत गेला, वांग लिहीत गेला.

आता पुस्तकाची रचना बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पहिल्या भागात ६१ कलमं: वजन म्हणजे काय, जड वस्तू खालीच का जाते, गुरुत्वमध्य कुठे असतो, त्रिकोणाचा कसा काढायचा, पाण्यात वस्तू किती बुडते. दुसऱ्यात ९२ कलमं: तराजू, काटा, तरफ, कप्पी, चाक, मळसूत्र. आणि मग तिसऱ्यात ५४ यंत्रांची चित्रं. वजन उचलायची ११, पाणी चढवायची ९, जात्यांची तब्बल १५, आगीवर पाणी मारायच्या पंपांची ४, आणि त्यांच्यामध्येच बसल्या जागी पुस्तकं फिरवायचं एक चाकही, कारण शेवटी दोघंही पुस्तकी किडे!

चित्रं रामेल्ली, बेसाँ, झोंका यांच्या पुस्तकांतून आलेली. पण त्या पुस्तकांतही असा पाया आधी रचलेला नाही. ती ‘बघा काय काय करता येतं’ अशी दिखाऊ पुस्तकं. इथे आधी का, मग कसं. सिद्धान्तासाठी गुइदोबाल्दो आणि स्टेव्हिन या युरोपातल्या यंत्रशास्त्राच्या जाणकारांकडून उचललंय. म्हणजे युरोपात वेगवेगळ्या पुस्तकांत पडलेलं सामान पेकिंगातल्या एका खोलीत प्रथम अशा क्रमाने लावलं गेलं.

मेहुण्याला विचारा, काटा चीनमध्ये किती जुना? हजारो वर्षं प्रत्येक दुकानदाराच्या हातात. दांडीवर वजन सरकवलं की माल तोलला जातो, हे त्याला पिढीजात माहीत. पुस्तक सांगतं की दांडीची लांब बाजू आखूड बाजूच्या चौपट असेल तर टोकाला पाव वजन पुरतं, आणि हेच तरफेला, हेच चाकाला, हेच कप्पीला लागू. चार वेगळी कामं करणाऱ्या चार गोष्टी एकाच हिशेबात बसतात! नवं होतं ते हे.

आता माझ्या धंद्याचं. मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवतो तेव्हा जीव तुटतो. रामेल्लीची युक्ती अशी की विहिरीची भिंत फोडून, जमीन कापून आतला पंप दाखवायचा. आम्ही ज्याला सेक्शन म्हणतो त्याचा आजोबा. सुटे भाग बाजूला जमिनीवर मांडायचे आणि त्यांना अक्षरं द्यायची. तांब्यावर बारीक रेषांच्या जाळीने सावली येते, त्यामुळे दंडगोल गोल दिसतो, आटे पुढे आलेले दिसतात. चिनी ठोकळ्यावर नुसती रेघ. सावली गेली की खोली गेली. काही पानांवर कुठला आस कुठल्या चाकात शिरतो हे शोधत बसावं लागतं. झगा घातलेला माणूस दांडा फिरवतोय, मागे झाड छान काढलंय, पण यंत्र हलायचं नाही.

माझं मत: त्या खोलीत एक यंत्रं पुस्तकातून ओळखणारा पाद्री होता आणि एक सुंदर लिहिणारा अधिकारी. ज्याने हातात पटाशी धरली आहे असा तिसरा माणूस नव्हता. आणि ठोकळा कोरणाऱ्याने आयुष्यात सेक्शन बघितलेला नव्हता. तिथे विद्येची गळती झाली.

---

पाणचक्की

काका, साष्टांग नमस्कार. मेहुण्याचा मला विसर पडलाय.

एकच: पाद्री हे का करत होते याचं उत्तर अजून राहिलं. श्रेकने गणित शीक म्हटलं, पुस्तकं दाखवली, म्हणजे त्यांनाही हौस होतीच ना? की धर्माच्या गळाला लावलेलं आमिष?

---

शाईदौत

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण काकांचा प्रतिसाद वाचून लिहावंच लागलं. मी जुनं चिनी गद्य वाचायला शिकतेय, अजून अडखळत. तरी या पुस्तकांच्या प्रस्तावना मी शब्दकोश घेऊन बसून वाचल्या आहेत, म्हणून काकांच्या दोन मुद्द्यांवर हरकत आणि पाणचक्की यांना उत्तर.

आधी उत्तर. वांगच्या पंधरा वर्षं आधी, १६१२ मध्ये, पाण्याच्या यंत्रांवर एक चिनी पुस्तक निघालं. सांगणारा साबातिनो दे उर्सिस हा जेझुइट, पाठीशी शू ग्वांगची. (शू म्हणजे ज्याने रिचीबरोबर युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं १६०७ मध्ये चिनीत आणली तो. ‘बिंदू’, ‘रेषा’ यांना तेव्हा योजलेले शब्द आजही चिनी शाळांत चालतात.) त्या पाण्याच्या पुस्तकात आर्किमिडीजचं मळसूत्र आहे, त्याला चिनी नाव ‘ड्रॅगनचं शेपूट’, दट्ट्याचे पंप आहेत, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत. शू शेतीचा माणूस, दुष्काळ त्याच्या डोक्यातून जात नसे. पुढे त्याच्या शेतीवरच्या मोठ्या ग्रंथातही हे सगळं आलं.

शूने प्रस्तावनेत जे लिहिलंय ते वाचून मी थांबले होते. तो म्हणतो, मी पाण्याच्या यंत्रांविषयी विचारलं तेव्हा दे उर्सिस बराच वेळ हो-हो करत राहिला. चेहरा न्याहाळला तर त्यावर कंजूषपणा नव्हता, शरम होती. कशाची शरम? हे शिकवलं तर पुढची पिढी आम्हाला गोंगशू आणि मो-त्झ समजेल, म्हणजे जुन्या काळातले नामांकित कारागीर. एवढा समुद्र ओलांडून आम्ही त्यासाठी आलो का?

तेव्हा आमिष वगैरे ठीक, रिचीच्या घड्याळांना ते लागू पडेल. पण इथे आमिष धरून बसलेला कोळीच लाजतोय आणि मासा म्हणतोय, दे इकडे. ओढून घेणारे शू आणि वांग होते.

त्यांनाही फुकट मिळालं नाही. विद्वानाने यंत्रात हात घालणं म्हणजे कमीपणा, ‘सज्जन माणूस म्हणजे हत्यार नव्हे’ हे कन्फ्यूशियसचं वचन तोंडावर फेकलं जायचं. वांगला एकाने तसं विचारलंच. त्याचं उत्तर प्रस्तावनेत आहे: विद्या बारीक की ढोबळ हे बघायचं नाही, जगाच्या उपयोगी पडते का ते बघायचं; चिनी की पाश्चात्त्य हेही बघायचं नाही, आकाशाच्या नियमाविरुद्ध नाही ना एवढं बघायचं.

आता काका, हरकती. एक: पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय, तोंडी सांगितलं देंग युहानने, भाषांतर केलं *आणि चित्रं काढली* वांग झेंगने. तेव्हा सगळा राग त्या बिचाऱ्या ठोकळेवाल्यावर काढू नका. चित्रं त्याच्याकडे गेली ती वांगच्या हातची.

दोन: सुतार खोलीत नव्हता म्हणता, पण तो वांगच्या डोक्यात बसलेला होता. हजारोंतून ५४ निवडली कशी, हे त्याने सांगितलंय. पहिली चाळणी: लोकांच्या रोजच्या जगण्याला लागत नाही ते नको. उडता पक्षी, पाण्यावर वाजणारं वाद्य, असली राजवाड्यातली नवलाई बाद. दुसरी चाळणी फार सुंदर आहे: यंत्र उपयोगाचं आहे, पण करायला अवघड आहे, एकाच यंत्रात मळसूत्रं फार आहेत आणि कारागिराला ती जमणार नाहीत, किंवा खर्च फार येईल, तर तेही नको. उरलेल्यांत एकाच कामाची पुष्कळ यंत्रं असतील तर सगळ्यांत कसबी तेवढं घ्यायचं.

पुस्तकाच्या नावातलं ‘निवडक’ ते हे. श्रेकने दुकान मांडलं, गिऱ्हाईक मात्र घासाघीस करणारं होतं.

---

बोरूबहाद्दर

मळसूत्रं फार आहेत म्हणून यंत्र नापास! वा. शाईदौत, इतके दिवस वाचनमात्र राहिल्याबद्दल तुम्हाला दंड ठोठावला पाहिजे.

---

जुना_ड्राफ्ट्समन

शाईदौत ताई, पहिली हरकत बिनशर्त मान्य. मी पुस्तक चित्रांसाठी उघडतो, पहिलं पान कधी लावून घेतलं नाही. जन्मभर हाताखालच्या पोरांना ‘आधी टायटल ब्लॉक वाच’ म्हणून ओरडलो, त्याची परतफेड झाली.

दुसरीवर अर्धा मान्य. सुतार डोक्यात होता, पण त्याला विचारलेलं नव्हतं. तरी मळसूत्रांची ती चाळणी कळल्यापासून मी सारखा त्यावरच विचार करतोय, कारण मळसूत्र हीच चीनमध्ये नसलेली गोष्ट. दंतचक्रं होती, साखळीचे रहाट होते, पाण्याची चाकं, भाते, वल्हवायची चाकं, सगळं होतं. सू सोंगच्या मनोऱ्यात चाक अडवून-सोडून फिरवायची युक्ती होती, तीही युरोपच्या आधी. आट्यांचं यंत्र तेवढं नव्हतं. म्हणून शब्दही नव्हता. वांगने दुसऱ्या भागात त्याला नाव दिलंय ‘तंगश्यन’, वेलीची रेष. झाडाला वेल गुंडाळत वर जाते तशी. चढाची पट्टी गोल खांबाला गुंडाळली की मळसूत्र होतं हे सिद्धान्तात सांगायचं, त्यासाठी याहून चांगला शब्द मला तरी सुचला नसता.

आणि हाच माणूस प्रस्तावनेत म्हणतो, मळसूत्रं फार असतील तर यंत्र घेऊ नका! ज्याने कधी आटे पाडायला घेतले आहेत तो यावर हसणार नाही. हाताने लाकडावर सारख्या अंतराचे आटे पाडणं, आणि त्याला बसेल अशी आतून आट्यांची चकती करणं, हे काम मी उमेदवारीत केलं आहे. पहिल्या महिन्यात सरळ एकही उतरला नव्हता. मास्तरांनी सगळे चुलीत घातले. वांगला हे पेकिंगातल्या खोलीत बसून कळलं असेल, तर त्याने कुठेतरी सुतार बघितला होता हे नक्की. माझं ‘तिसरा माणूस नव्हता’ मागे घेतो. तो बाहेर उभा होता म्हणू या.

पुस्तकाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १६२८ मध्ये यांगझोऊला छापून निघालं. वांग तिथे न्यायाच्या कामावर नेमला गेला होता. श्रेक १६३० मध्ये पेकिंगात वारला, दिनदर्शिका सुधारण्याचं काम नुकतं हाती आलं होतं, ते शालकडे गेलं. १६४४ मध्ये मिंग राज्य बुडालं, तेव्हा बंडखोरांची चाकरी नको म्हणून वांगने अन्न सोडून प्राण दिला.

दीडशे वर्षांनी छ्यनलोंग बादशहाच्या अफाट ग्रंथसंग्रहात हे पुस्तक घेतलं गेलं. संपादकांचा शेरा वाचा: यातला सिद्धान्त म्हणजे भरमसाट बढाया, त्यात शिरण्यात अर्थ नाही, यंत्रांची करामत मात्र जुन्या-नव्या सगळ्यांत अव्वल. झालं! श्रेकने आधी गणित शिकायला लावलं ते बढाया म्हणून बाजूला, आणि जी चित्रं मला अपुरी वाटतात त्यांना शाबासकी.

---

शाईदौत

त्या शेऱ्यावर मीही चडफडले होते. पण शब्द मेला नाही, काका. त्या पुस्तकात या विद्येला ‘जोंगश्युए’, वजनाची विद्या, असंही म्हटलंय. १८५९ मध्ये ली शान्लान याने एका इंग्रज मिशनऱ्याबरोबर यंत्रशास्त्राचं पुस्तक चिनीत आणलं, त्याचं नाव ‘जोंगश्युए’च.

आणि एक विचारायचं होतं. तुमच्याकडच्या प्रतीत चित्रांवर लॅटिन अक्षरं आहेत का? वांगने त्रिगोला चिनी उच्चार रोमन लिपीत बसवायच्या पुस्तकात मदत केली होती, १६२६ मध्ये छापलंय ते. त्यामुळे त्याला ती अक्षरं येत होती आणि त्याने भागांना तीच दिली.

---

जुना_ड्राफ्ट्समन

आहेत! मला वाटत होतं ती रामेल्लीकडून नकलून आली असतील. म्हणजे ती मुद्दाम घातली आहेत. थांबा मग. प्रत्येक अक्षर खालच्या मजकुराशी जुळवून बघायला हवं, कदाचित जो आस मला सापडत नाही तो मजकुरात सापडेल. चिनी मला येत नाही. पाणी चढवायच्या नऊ चित्रांपासून सुरू करू या का? मी चित्राची रेघ न् रेघ नव्याने काढतो, तुम्ही अक्षरांपुढचा मजकूर सांगा.

---

शाईदौत

चालेल. पण वेळ लागेल, पहिलंच पान दोन दिवस खाईल.

---

पाणचक्की

मेहुण्याला अख्खा धागा पाठवला. उत्तर आलं: “गाडी दोन फूट का होईना, पळाली ना?”

काका, ताई, पहिलं चित्र झालं की इथेच टाका.